व्हिएतनाम पहिल्यांदा फिरताना: बेळगावच्या दारापासून सायगॉनपर्यंत मार्ग कसा आखावा

परदेशाची पहिली सहल ठरवताना आपल्याकडे सुरुवात बहुधा विमानाच्या तिकिटाने होते. मोबाइलवर 'मुंबई ते हनोई, जाऊन-येऊन' असा स्वस्त दर दिसतो, घरात एकमत होतं, पैसे भरले जातात आणि मग नकाशा उघडला जातो. व्हिएतनामसाठी हा क्रम उलटा करा. आधी नकाशा, मग तिकीट.

कारण त्या देशाचा आकार. उत्तरेला हनोई, दक्षिणेला हो ची मिन्ह शहर, म्हणजेच जुनं सायगॉन. दोन्हींमधला लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे, आणि मध्ये एके ठिकाणी देश जेमतेम ५० किलोमीटर रुंद आहे. अशा चिंचोळ्या देशात गोल फेरी मारून निघालो तिथे परत येता येत नाही. एका टोकाने आत शिरायचं आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. हनोईचं जाऊन-येऊन तिकीट काढलं, की शेवटी फक्त मागे वळण्यासाठी एक जादा विमान आणि एक अख्खा दिवस जातो. तिकीट शोधताना 'मल्टी सिटी' हा पर्याय निवडा: जाताना मुंबई–हनोई, येताना हो ची मिन्ह–मुंबई. दोन्ही शहरांना मुंबईहून थेट विमानं आहेत, आणि प्रवास साधारण पाच ते साडेपाच तासांचा आहे. हे तिकीट हजार-दोन हजारांनी महाग दिसलं तरी हिशोबात स्वस्तच पडतं.

पहिली पायरी: सुट्टी कोणती, त्यावर मार्ग

व्हिएतनाममध्ये एकाच महिन्यात तीन वेगळी हवामानं असतात. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत ढगाळ, दमट थंडी असते. मधल्या पट्ट्यात, म्हणजे हुए, दा नांग आणि होई आनमध्ये, सप्टेंबर ते डिसेंबर पाऊस असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर येतात. दक्षिणेत मे ते नोव्हेंबर पावसाळा, पण तो बहुधा दुपारच्या जोरदार सरींचा. तास-दीड तास कोसळतो आणि थांबतो.

आपल्या भागात याचा थेट संबंध शाळेशी येतो. कर्नाटक बोर्डाच्या शाळांना मोठी मधली सुट्टी दसऱ्याला मिळते, आणि त्याच दिवसांत होई आनच्या नदीकाठच्या गल्ल्यांत पाणी शिरण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत जाणार असाल तर मधला पट्टा सरळ वगळा. हनोई आणि आसपास पाच रात्री, मग विमानाने सायगॉन आणि मेकाँगचा त्रिभुज प्रदेश, एवढंच ठेवा. दिवाळीतही तेच. होई आनचे कंदिलांचे फोटो कितीही मोहात पाडोत, ऑक्टोबरच्या भरवशावर त्यासाठी तीन रात्री आगाऊ भरू नका.

उन्हाळी सुट्टी जास्त सोयीची. त्यातही एप्रिलचा दुसरा आणि तिसरा आठवडा आमच्या मते सगळ्यांत चांगला. उत्तरेतली थंडी गेलेली असते, मध्यभाग कोरडा असतो, दक्षिणेत ऊन कडक असतं पण पाऊस सुरू झालेला नसतो. ३० एप्रिल आणि १ मे या तिथल्या राष्ट्रीय सुट्ट्या. त्या दोन दिवसांच्या आगेमागे सगळा देश प्रवासाला निघतो आणि रेल्वे, विमान, हॉटेल सगळंच भरतं. २ सप्टेंबरलाही तसंच होतं. आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्ये चांद्र पंचांगानुसार येणारं त्यांचं नववर्ष, 'तेत', याचा आठवडा नवख्यांनी पूर्ण टाळावा. दुकानं बंद असतात, आणि गाड्यांची तिकिटं गावी जाणाऱ्यांनी कधीच घेतलेली असतात.

दुसरी पायरी: दिवस नाही, रात्री मोजा

'दहा दिवसांत आठ ठिकाणं' असा कागद बनवू नका. रात्री मोजा आणि हे लक्षात ठेवा, की हॉटेल बदललं की अर्धा दिवस गेला. हनोई ते दा नांग विमान सव्वा तासाचं आहे. पण हॉटेल सोडून विमानतळ गाठायला पाऊण ते एक तास, तिथे दोन तास आधी पोहोचणं, उतरल्यावर बॅगांची वाट, पुन्हा टॅक्सी, हे सगळं धरलं की पाच-सहा तास होतात. म्हणून दहा रात्रींसाठी तीन-चार मुक्काम पुरे. सोबत आजी-आजोबा किंवा पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर तीनच.

पहिल्या खेपेला चालणारा एक आराखडा असा: हनोई तीन रात्री, हा लाँगच्या खाडीत बोटीवर एक, परत हनोई एक, होई आन तीन, सायगॉन दोन.

बोटीनंतर हनोईत पुन्हा एक रात्र कशाला, असं वाटेल. हा लाँग हनोईपासून साधारण १६० किलोमीटर, द्रुतगती मार्गाने अडीच तास. बोट दुपारच्या सुमारास धक्क्याला लागते आणि चारपर्यंत हनोईत परतता येतं. मात्र वादळाचा इशारा आला की बंदर खातं बोटी सोडणं थांबवतं किंवा वेळा बदलतं. त्यात बोटवाल्याचं किंवा तुमचं काही चालत नाही. त्या संध्याकाळचं दा नांगचं विमान काढून ठेवलं असेल तर एका ढगामुळे दोन गोष्टी बुडतात. ती जादा रात्र ही खबरदारी आहे, आणि तिचा दुसरा फायदा असा की मोठ्या बॅगा हनोईच्या हॉटेलातच ठेवून बोटीवर फक्त पाठीवरची पिशवी नेता येते. हॉटेलला आधी विचारलं तर बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे घेत नाहीत.

निन्ह बिन्ह हनोईहून ९५ किलोमीटर, दोन तासांवर. चुनखडीच्या डोंगरांमधून नावेने फिरणं तिथलं मुख्य आकर्षण. सकाळी सातला निघालात तर एका दिवसात जाऊन येणं होतं. उत्तरेच्या डोंगरांतलं सा पा मात्र वेगळं प्रकरण आहे. रात्रीच्या रेल्वेने लाओ काय गाठायला आठेक तास, तिथून पुढे ३८ किलोमीटरचा घाट, आणि परत यायला पुन्हा तेवढंच. दोन रात्री तिथे काढायच्या नसतील तर पहिल्या सहलीत ते धरू नका.

नावांचा एक घोळ इथेच सांगून ठेवू. सायगॉनचं अधिकृत नाव हो ची मिन्ह आहे, पण रेल्वे स्टेशनच्या पाटीवर आणि तिकिटावर सायगॉनच असतं आणि विमानतळाचा संकेतही एसजीएन. एकाच गावाला दोन नावं, जुन्या कागदावर एक आणि नव्या पाटीवर दुसरं, हे बेळगावकरांना समजावून सांगायला नको. त्यात जुलै २०२५ मध्ये व्हिएतनामने आपले प्रांत ६३ वरून ३४ वर आणले. होई आन आता प्रशासनाच्या हिशोबाने दा नांगमध्ये मोडतं. म्हणून 'दा नांग' असं शोधून हॉटेल घेतलं आणि ते ३० किलोमीटर लांब होई आनला निघालं, किंवा त्याच्या उलट, असं होऊ शकतं. पत्ता न वाचता नकाशावरचा ठिपका बघा, आणि मगच पैसे भरा.

तिसरी पायरी: बेळगाव ते विमानतळ

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे, परदेशात पाऊल टाकण्याआधी. आग्नेय आशियाची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीच्या आसपास सुटतात. समजा तिकिटावर लिहिलंय: ११ एप्रिल, ००:३०. याचा अर्थ ११ तारखेच्या रात्री नाही. १० तारखेची रात्र संपून अर्धा तास झाला, ती वेळ. ११ तारखेला संध्याकाळी विमानतळावर पोहोचणारा माणूस वीस तास उशिरा पोहोचलेला असतो आणि तिकीट बुडालेलं असतं.

आता उलटे मोजत या. विमान ००:३०. तीन तास आधी, म्हणजे १० तारखेला रात्री साडेनऊला टर्मिनलच्या दारात. मुंबईतली वाहतूक धरून संध्याकाळी पाचपर्यंत शहरात असलं पाहिजे. बेळगाव ते मुंबई रस्त्याने साधारण पाचशे किलोमीटर, बसने दहा ते बारा तास, आणि कागल–सातारा सहापदरीकरणाची कामं चालू असतील तिथे वळणरस्त्यांमुळे आणखी एखादा तास. म्हणून ९ तारखेच्या रात्रीची बस घ्या. १० ला सकाळी मुंबईत उतराल, दिवसभर नातेवाइकांकडे किंवा विमानतळाजवळच्या खोलीत विश्रांती होईल. थोडक्यात, तिकिटावर ११ तारीख असली तरी घर ९ ला सोडायचं. निपाणी-चिकोडीकडच्यांना अंतर थोडं कमी पडतं, पण त्यांनीही रात्रीचीच बस घ्यावी.

रेल्वेने जायचं तर चालुक्य आणि शरावती एक्स्प्रेस बेळगाव, मिरज, पुणेमार्गे दादरला नेतात. त्या रोज नसतात, म्हणून वार बघून घ्या. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमानाने जायचं तर मुंबईची वेळ सोयीची आहे का ते पाहा, पण तिथे एक धोका आहे. सांबरा–मुंबई आणि मुंबई–हनोई ही वेगवेगळी तिकिटं असली, तर पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तरी कुठलीच कंपनी भरपाईला बांधलेली नसते. बॅगाही मुंबईत स्वतः घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. सांबऱ्याहून एका दिशेला दिवसात फार विमानं नसतात, एखादं रद्द झालं तर पुढचं दुसऱ्या दिवशी. म्हणून दोन तिकिटांमध्ये किमान सहा ते आठ तास ठेवा, पावसाळ्यात तर आदल्या दिवशीच जा.

आणखी एक गोष्ट तिकिटावर बोट ठेवून वाचा. मुंबईत आता दोन विमानतळ आहेत. बीओएम म्हणजे सहारचा जुना आणि एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा, जिथून डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटू लागली. गोव्यातही तेच: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. पनवेलकडून येणाऱ्या बसला नवी मुंबई आधी लागते, सहार नंतर. उतरायचं ठिकाण त्यावर ठरवा.

बंगळूरहून जायचं ठरलं तर ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली बेळगाव–बंगळूर वंदे भारत उपयोगी आहे. पहाटे निघून दुपारी पोहोचते, आणि रात्रीच्या विमानाला पुरेसा वेळ उरतो. आठवड्यातून एक दिवस ती नसते, तो वार तपासा. तो जुळत नसेल तर रात्रीच्या गाड्या आहेतच. केंपेगौडा विमानतळ मुख्य स्टेशनपासून पस्तीसेक किलोमीटर दूर देवनहळ्ळीकडे आहे, वायुवज्र बसने किंवा टॅक्सीने दीड तास धरा. खानापूरकरांना गोवा जवळचा, पण तिथून थेट विमान नसेल तर गाडी बदलण्याचाच प्रकार होतो, शिवाय पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या भरवशावर विमान ठेवणं योग्य नाही. बिदर-भालकीकडच्या मंडळींना हैदराबादच जवळ, त्यांनी मुंबईचा विचारही करू नये.

चौथी पायरी: पासपोर्टवरचं नाव आणि ई-व्हिसा

व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा असतो. एकदाच प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेकदा प्रवेशासाठी ५० डॉलर. नाकारला गेला तरी पैसे परत मिळत नाहीत. अर्ज त्यांच्या सरकारी संकेतस्थळावरच करा, ज्याच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट व्हीएन' असा असतो. शोधल्यावर सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातींमधल्या साइट खासगी दलालांच्या असू शकतात आणि त्या दुप्पट-तिप्पट घेतात. तीन आठवडे आधी अर्ज करा, मध्ये तिथल्या सुट्ट्या आल्या तर ते दिवस मोजले जात नाहीत.

अर्जात तुम्ही कुठल्या विमानतळावरून आत येणार हे विचारतात. मार्ग आधी ठरवा म्हणतो ते यासाठीसुद्धा. व्हिसाची सुरुवातीची तारीख पोहोचण्याच्या एक दिवस आधीची टाका. मध्यरात्रीच्या विमानामुळे तारखेची गल्लत झाली तरी मग अडचण येत नाही, पण व्हिसा सुरू होण्याआधी पोहोचलात तर आत सोडत नाहीत. मुंबईच्या काउंटरवरही विमानात बसू देणार नाहीत.

नाव भरताना आपल्या भागात नेमकं काय चुकतं ते नीट बघा. कर्नाटकातल्या बऱ्याच पासपोर्टवर 'मारुती परशराम पाटील' हे सगळंच्या सगळं दिलेल्या नावाच्या रकान्यात असतं आणि आडनावाचा रकाना रिकामा असतो. आधारवर कन्नडमधून इंग्रजीत आलेलं स्पेलिंग वेगळं, दाखल्यावर तिसरं. व्हिसा आणि विमानाचं तिकीट या दोन्हींसाठी फक्त पासपोर्ट प्रमाण. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली बाणांसारख्या चिन्हांच्या दोन ओळी असतात, त्यातल्या पहिल्या ओळीत नाव जसं आहे तसंच्या तसं उतरवा. आडनाव रिकामं असेल तर तिकिटाचे पैसे भरण्याआधी विमान कंपनीला विचारा, कारण प्रत्येकीची पद्धत वेगळी. हाताशी तीन-चार महिने असतील तर आडनाव वेगळं करून नवा पासपोर्टच काढून घ्या, पुढच्या सगळ्या प्रवासांचा त्रास वाचतो. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने हवी.

मंजूर झालेल्या व्हिसाच्या दोन छापील प्रती जवळ ठेवा. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक यांतलं एक अक्षर चुकलं असेल तर दुरुस्तीच्या वाटेला न जाता सरळ नवा अर्ज करा.

पाचवी पायरी: देशातले लांब पल्ले

हनोई–दा नांग आणि दा नांग–सायगॉन हे दोन टप्पे विमानाने करा. हनोई–दा नांग रेल्वेने ७९१ किलोमीटर, सोळा-सतरा तास लागतात. वेळ भरपूर असेल आणि रेल्वेचा छंद असेल तर जरूर करा, पण दहा रात्रींच्या सहलीत ते बसत नाही. देशांतर्गत स्वस्त विमानांत हातातलं सामान साधारण ७ किलोपर्यंत, आणि बॅगेचे पैसे वेगळे. ते तिकिटाबरोबरच भरा, विमानतळावर भरलं तर बरंच महाग पडतं. मुंबईहून येताना २० किलो चाललं म्हणून इथेही चालेल असं धरू नका, सगळ्या तिकिटांतला सर्वांत कमी आकडा तुमच्या बॅगेचा आकडा. विमान सकाळचं घ्या. दिवसभरातला उशीर साचत साचत रात्रीच्या विमानावर येतो.

हनोईच्या नोई बाय विमानतळावर आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल २ वर, देशांतर्गत टर्मिनल १ वर. सायगॉनला एप्रिल २०२५ मध्ये देशांतर्गत प्रवाशांसाठी तिसरं टर्मिनल सुरू झालं, त्यामुळे काही कंपन्या तिथून आणि काही जुन्या टर्मिनल १ वरून सुटतात. टॅक्सीत बसण्याआधी तिकिटावरचा टर्मिनल क्रमांक बघा.

रेल्वेचा एक तुकडा मात्र कुणीही सोडू नये: हुए ते दा नांग. अंतर फक्त १०३ किलोमीटर, वेळ अडीच ते तीन तास, पण रूळ हाय वान घाटाच्या कड्यावरून समुद्राला लागून जातात. रस्त्याने जाणारी बहुतेक वाहनं २००५ मध्ये झालेल्या सहा किलोमीटरच्या बोगद्यातून निघून जातात, त्यांना समुद्र दिसत नाही. गाडी मात्र बाहेरून वळसा घालते. होई आनच्या तीन रात्रींमधला एक दिवस यासाठी ठेवा. सकाळी गाडी करून घाटरस्त्याने हुएला जा, आणि चालकाला आधीच सांगा की बोगद्याने नाही, घाटाने. नाहीतर तो वेळ वाचवायला बोगद्यातच घालेल. हुएचा राजवाडा बघा, दुपारच्या गाडीने दा नांगला परता. हुएहून दा नांगला येताना समुद्र डाव्या हाताला असतो. जागा निवडताना त्या बाजूची खिडकी घ्या, उजवीकडच्यांना डोंगराची भिंतच दिसते. होई आनला रेल्वे स्टेशन नाही, दा नांगला उतरून टॅक्सीने ३० किलोमीटर.

रेल्वे तिकिटावर पासपोर्टप्रमाणे नाव आणि क्रमांक लागतो. डब्यांचे मुख्य प्रकार तीन: मऊ आसन, सहा जणांचा कप्पा असलेला कडक स्लीपर आणि चार जणांचा मऊ स्लीपर. 'कडक' म्हणजे लाकडी फळी नव्हे, पातळ गादी असते, पण वरच्या बर्थवर बसता येत नाही इतकी उंची कमी. वयस्कांसाठी चारच्या कप्प्यातला खालचा बर्थ घ्या. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांना विषम क्रमांक असतो, एसई १, एसई ३ असे, आणि उत्तरेकडे जाणाऱ्यांना सम. चुकीच्या दिशेचं तिकीट काढलंय का हे एका नजरेत कळतं. दा नांग स्टेशनवर रूळ संपतात, तिथे इंजिन दुसऱ्या टोकाला लावतात आणि गाडी उलट्या दिशेने निघते. पुढे जाणाऱ्यांनी घाबरू नये.

स्लीपर बस स्वस्त, पण आपल्या बेळगाव–मुंबई स्लीपरसारखी ती नसते. बऱ्याच बसमध्ये पाठ थोडी उचललेली असते आणि पाय पुढच्याच्या पाठीखालच्या खोक्यात घालावे लागतात. साडेपाच फुटांपेक्षा उंच माणसाचे गुडघे दुमडलेलेच राहतात. चढताना चपला काढून पिशवीत घ्यायच्या असतात. गुडघ्याचं दुखणं असणाऱ्यांनी त्याऐवजी नऊ आसनांची व्हॅन घ्यावी, तिला तिथे 'लिमोझिन' म्हणतात. हा लाँग आणि निन्ह बिन्हसाठी तीच उत्तम, हॉटेलच्या दारातून उचलते.

सहावी पायरी: गावातल्या गावात

ग्रॅब हे टॅक्सीचं ॲप इथूनच, घरी बसून, आपल्या सिमवर सुरू करा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो आणि तिथे गेल्यावर तो येईलच असं नाही. पैसे रोखीने देता येतात, त्यामुळे कार्ड जोडलं नाही तरी चालतं. झान एसएमच्या निळसर-हिरव्या विजेवरच्या टॅक्सीही चांगल्या. विमानतळाबाहेर हाताने खुणावणाऱ्यांकडे जाऊ नका. हनोईत विमानतळ ते जुनं शहर साधारण २७ किलोमीटर, ८६ क्रमांकाची बसही जाते. दा नांगचा विमानतळ तर गावातच आहे.

भाड्याची दुचाकी याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. बेळगावच्या आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो. व्हिएतनाम मानतो तो १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचा. दुकानदार पासपोर्ट ठेवून गाडी देईल, कोणी विचारणारही नाही, पण अपघात झाला तर तुम्ही विनापरवाना चालक ठरता आणि प्रवास विमा तिथेच संपतो. हाड मोडल्याचा दवाखान्याचा खर्च मग खिशातून. ५० सीसीच्या आतल्या गाड्यांना तिथे परवाना लागत नाही, पण घाटात त्यांचा उपयोग नाही. हाय वानचा घाट दुचाकीवरून बघायचाच असेल तर चालवणाऱ्याच्या मागे बसून बघा, अशी सेवा मिळते.

होई आनहून ४० किलोमीटरवर मी सन आहे, चंपा या जुन्या राज्याच्या राजांची शिवमंदिरं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथल्या काही मंदिरांची डागडुजी केली, आणि २०२० मध्ये त्या कामात वालुकाश्माचं अखंड शिवलिंग सापडलं. सकाळी सहाला निघा. नऊनंतर विटांचं ते आवार भट्टीसारखं तापतं.

पैसे

एक लाख डाँग म्हणजे साधारण साडेतीनशे रुपये. हा एकच आकडा पाठ करा, बाकी त्यावरून जमतं. नोटा प्लास्टिकच्या असतात. २० हजारांची नोट निळी, ५ लाखांची नोटही निळी. टॅक्सीतल्या मंद उजेडात २० हजारांऐवजी ५ लाख दिले जातात, म्हणजे सत्तर रुपयांच्या जागी सतराशे. म्हणून ५ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि नोट देताना शून्यं मोजा.

कार्ड परदेशात चालण्यासाठी बँकेच्या ॲपमध्ये ती सोय स्वतः सुरू करावी लागते. २०२० पासून ती मुळात बंद असते. निघण्याआधी इथेच सुरू करा, कारण त्यासाठीचा ओटीपी पुन्हा भारतीय सिमवरच येणार.

शाकाहारी मंडळींनी 'चाय' हा शब्द लक्षात ठेवावा. तिथे त्याचा अर्थ शाकाहार. 'काँम चाय' अशी पाटी दिसली की निर्धास्त बसा. इतर ठिकाणी भाजीतही माशाचा सॉस असतो. रेल्वेत आणि बोटीवर हाताशी दशम्या आणि शेंगाचटणी असू द्या, पण लोणचं विमानात हातातल्या सामानात नेऊ नका. तेल सुटलेलं लोणचं द्रव पदार्थात मोजलं जातं आणि १०० मिलिलिटरच्या वरची बाटली तपासणीत काढून घेतात.

परतताना

व्हिएतनामची वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. सायगॉनहून संध्याकाळी सातला सुटलेलं विमान साडेपाच तासांनी मुंबईत उतरतं ते आपल्या रात्री अकराला. इमिग्रेशन आणि बॅगा होईपर्यंत साडेबारा. तोवर बेळगावच्या सगळ्या रात्रीच्या बस निघून गेलेल्या असतात. म्हणून परतीचं तिकीट घेताना उतरण्याची वेळ आणि मुंबईहून सुटणाऱ्या बसची वेळ शेजारी शेजारी लिहून बघा. दुपारी चारच्या आत उतरणारं विमान मिळालं तर त्याच रात्रीची बस पकडता येते, तीही सायनला न जाता वाशीला जाऊन पकडली तर वेळ वाचतो. मध्यरात्री उतरणारच असाल तर त्या रात्रीची खोली आधीच घेऊन ठेवा, आणि दुसऱ्या दिवशीचं रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं तेव्हाच करा. बसचं तिकीट मात्र विमान उतरल्यावर काढलं तरी चालतं, लग्नसराईचे आणि सुट्टी संपण्याचे दिवस सोडून.